खांबावरचं बारा पॉइंट सहा

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. इथे छत्तीसगढात, आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात ते सगळ्यांच्या तोंडी होतं, आमच्या घरात तर सकाळच्या चहापासून सुरू व्हायचं. निदान माझ्या हातून तरी ते परत नको.

सरळच सांगून टाकतो, मी त्या माणसावर जळत होतो. वय वर्षं बावन्न, सरकारी खात्यात विद्युत शाखेचा इंजिनिअर, शंकर नगरात ऑफिस, हाताखाली चौदा माणसं. आणि जळत कोणावर होतो? समोरच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहणाऱ्या एका रिटायर फिटरवर! बायको म्हणायची, "तुम्हाला काय कमी आहे हो?" कमी काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. माझे बाबा त्यांच्याशी बोलताना "हव" म्हणायचे, म्हणजे हो. अख्खं, तोंडभरून, मान हलवून "हव". मी काही सांगितलं तर म्हणायचे, "बरं, पाहू."

बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बाबू होते. मी मेरिटमध्ये आलो तेव्हा म्हणाले, "ठीक आहे." इंजिनिअर झालो तेव्हा म्हणाले, "ठीक आहे, आता नोकरीचं पाह्य." नोकरी लागली तेव्हा मी विचारलंच नाही. शाबास हा शब्द बाबांच्या तोंडी असतो हे मला कळलं तेव्हा माझे केस पांढरे झाले होते, आणि तो शब्द समोरच्या काकांसाठी होता. काय केलं होतं त्यांनी? आमचा गंजलेला कुलर सुरू केला होता.

काका रेल्वेत डब्यांच्या दिव्या-पंख्यांच्या कामावर होते. डब्याखाली बॅटरीची पेटी असते आणि चाकाच्या दांड्यावरून पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर असतो. डबा धावला की बॅटरी भरते, थांबला की त्याच बॅटरीवर दिवे चालतात. ही दोन्ही धड आहेत ना एवढंच पाहण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली, त्यातली निम्मी डब्याखाली उताणं पडून. त्यामुळे उभे असले तरी ते मान मागे टाकून, वर छताकडे पाहत बोलायचे. माझ्याशी बोलतानाही तसंच. मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम माझ्याकडे पाहत नाही.

कानावर खडूचा तुकडा, गळ्यात व्होल्ट मोजायचं मीटर. मीटरला रेक्झिनची पिशवी त्यांनी स्वतः शिवलेली. उन्हाळ्यात दुपारी ते बासी खायचे, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून, वर कच्चा कांदा. यार्डातल्या छत्तीसगढी सोबत्यांकडून शिकलेले. आता ऐका! माझ्या बाबांनी जन्मभर आईला गरम भातावरून छळलं. ताटातून वाफ निघाली नाही तर ताट सरकवायचे. तेच बाबा मे महिन्यात काकांच्या ओट्यावर मांडी घालून बासी ओरपताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. घरी बायकोने गरम वरण-भात झाकून ठेवलेला. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

माझा मुलगा आमच्याशी हिंदीतच बोलतो. मी मराठीत विचारलं की "हाँ पापा, कर दूँगा." काकांनी त्याला एकदा सांगितलं, "पोट्ट्या, माह्यासंगं मराठीत बोल, नाही त मी बहिरा होतो." आणि खरंच बहिरे व्हायचे. दिवाळीत मुलगा बंगलोरहून आला आणि फाटकातूनच ओरडला, "काका, काय करून राहिले?" मला आल्यावर म्हणाला, "हाय पापा."

त्यांची एक खोड मात्र मला सापडली होती. खोटं बोलायचं असलं की ते चष्मा काढायचे. बायकोने पहिल्यांदा फरा केला, तांदळाच्या पिठाचा, तो दगड झाला होता. काकांनी एक तुकडा तोंडात टाकला, चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसत म्हणाले, "सूनबाई, लय मऊ झाला." मी मनात म्हटलं, सापडला! समोरच्याचं तोंड दिसू नये म्हणून ही युक्ती. हे एकट्या मलाच कळलंय याचा मला फार आनंद होता. त्यांच्याबद्दल मला मिळालेला तेवढाच आनंद.

गाडी बाबांची. जुनी, पांढरी, लहानशी. रिटायर झाल्यावर घेतली आणि आजतागायत कोणाला चालवू दिली नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, ते ती काढायचे आणि पुरानी बस्तीतल्या देवळात जायचे. आई गेल्यावर शेजारच्या सीटवर काका बसायला लागले. काका देवळात जात नसत. "तुम्ही भेटून या, मी गाडीपाशी आहो," म्हणायचे. देऊळ झालं की दोघं घरी यायला हवेत ना? नाही. आठ वाजायचे. मी विचारलं, "बाबा, कुठे जाता हो एवढा वेळ?"

"इकडे तिकडे."

शनिवारी मला सुट्टी असते. मी घरीच असतो. "तूही चल" असं कोणी म्हणालं नाही.

आता जे सांगतो ते मी बायकोलाही बऱ्याच दिवसांनी सांगितलं. मी एक यंत्र आणलं. काडेपेटीएवढा काळा डबा, गाडीत लपवला की गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं. बाबा दुपारी झोपलेले पाहून मी तो डॅशबोर्डखाली बसवला. गाडी बंद असतानाही दिसावं म्हणून त्याची वायर फ्यूज वगैरे सगळं सोडून थेट बॅटरीवर नेली. स्वतःला सांगितलं, म्हातारा माणूस आहे, काळजी वाटते. काळजी कसली? पोटात दुखत होतं.

त्या शनिवारी मी टीव्ही लावून बसलो आणि मोबाईलवरचा निळा ठिपका पाहत राहिलो. ठिपका देवळापाशी थांबला. मग रेल्वे लाइनच्या कडेला, एका फाटकाजवळ जाऊन उभा राहिला. तिथे काही नाही. ना हॉटेल, ना बाग. तब्बल दीड तास तो ठिपका हलला नाही आणि मी त्याच्याकडे टक लावून बसलो. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्याही.

चौथ्या शनिवारी गाडीने देवळासमोर मान टाकली. सेल्फ मारला की नुसतं टक्. लोकांनी धक्का देऊन सुरू करून दिली. हे मला कळलं कोणाकडून, तर कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून: "भैया, बाबूजी की गाड़ी बंद पड़ गई थी क्या?" मी तडक घरी.

"बाबा, मला फोन काहून नाही केला?"

"तो होता ना संगं."

तळपायाची आग मस्तकात गेली. घरात विजेचा इंजिनिअर आहे आणि म्हणे तो होता ना संगं! दुसऱ्या दिवशी मी नवी बॅटरी आणून बसवली. काका स्टूल घेऊन आले. ते कधीही आधी बोनेट उघडायचे नाहीत, स्टूल टाकून गाडीशेजारी बसायचे आणि चौकशी सुरू करायचे. गाडी कधी काढली, कुठे नेली, आल्यावर दार कोणी लावलं, डिक्कीत काय ठेवलं. "पहिले विचारा लागते, मग खोला लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नव्या बॅटरीकडे त्यांनी पाहिलं आणि छताकडे तोंड करून म्हणाले, "इंजिनिअर साहेब, नवा पार्ट टाकला का आजार लपते, जात नाही."

अकराव्या दिवशी गाडी परत टक्.

माझ्या मनात पाल चुकचुकली नव्हती असं नाही. तो डबा आठवला होता. पण माझ्या हातचं काम, आणि ते बॅटरी खाईल? मी लगेच दुसऱ्याच्या माथी मारलं. म्हटलं, अल्टरनेटर गेलाय, चार्जच होत नाहीये. काकांनी इंजिन सुरू करून मीटर लावलं. "चौदा पॉइंट एक दाखवून राहिलं. हे बिचारं काम करून राहिलं ना. भरण्यात खोट नाही, कोणीतरी बसल्या जागी खाऊन राहिलं."

बाबा म्हणाले, "हव."

झालं! त्या "हव"साठी मी दुसऱ्याच दिवशी चांगला अल्टरनेटर काढून नवा बसवला. बारा दिवसांनी गाडी परत टक्. काका हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी आमच्या फाटकाच्या खांबाचा ताबा घेतला. रोज सकाळी साडेसहाला येऊन मीटर लावायचे आणि खडूने आकडा लिहायचे. बारा पॉइंट सहा, म्हणजे बॅटरी पोटभर जेवलेली. दुसऱ्या दिवशी बारा पॉइंट पाच, मग चार, मग दोन. गाडी जागेवरून हललेली नाही आणि आकडा उतरतोय. मग त्यांनी बॅटरी परत भरली, तिची एक तार सोडून ठेवली आणि आठवडाभर आकडे लिहिले. सात दिवस बारा पॉइंट सहा. म्हणजे बॅटरी चांगली, खाणारी गाडीच. दिवाळी आली म्हणून मी मुद्दाम खांबाला रंग दिला. सकाळी त्यावर ताजा आकडा. वर म्हणाले, "रंग चांगला आहे, अक्षर उठून दिसते."

बाबा चहाचा कप घेऊन ते आकडे वाचायचे. माझ्या मार्कशीट त्यांनी कधी इतक्या वेळ पाहिल्या नसतील.

शेवटी तो रविवार आला. सकाळचे आठ, बाबा व्हरांड्यात पेपर घेऊन, मी हातात चहा घेऊन उभा. काकांनी एक लहानसा बल्ब आणला होता. बॅटरीची तार काढली आणि तार आणि बॅटरी यांच्यामध्ये तो बल्ब जोडला. मग मला समजावून सांगितलं, मला! "सगळं बंद आहे. चावी बाबूजीच्या खिशात. मधून करंट गेला त बल्ब लागते, नाही गेला त नाही."

बल्ब लागला. मंद, पण लागला.

दार उघडलं की आतला दिवा लागू नये म्हणून दाराच्या बटणावर त्यांनी टेप मारली आणि आत वाकून एकेक फ्यूज काढायला लागले. हॉर्नचा काढला, बल्ब तसाच. वायपरचा, तसाच. माझा चहा गार झाला. त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. काका, तिथे माझं एक यंत्र आहे. एवढंच. पण बाबा पेपर खाली ठेवून बघत होते. मी गार चहा पिऊन टाकला.

शेवटचा फ्यूज निघाला. बल्ब तसाच. "मंग हे घरच्या रस्त्यानं नाही आलं," काका म्हणाले, "मागच्या दारानं आलं." त्यांनी डॅशबोर्डखाली हात घातला आणि बराच वेळ चाचपत राहिले. हात थांबला. मान बाहेर काढून त्यांनी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं.

मला एक सवय आहे. जोडावर टेप गुंडाळली की शेवटचं टोक दुमडून ठेवतो, पुढच्या माणसाला नख लावून खरवडत बसावं लागू नये म्हणून. मागे त्यांच्या पंख्याची वायर मी जोडून दिली होती, तेव्हा ते टोक पाहून काका म्हणाले होते, "ही आदत चांगली आहे तुही." मला ते आवडलं होतं, आणि आवडलं म्हणून रागही आला होता. आता तेच दुमडलेलं टोक त्यांच्या बोटांत होतं.

कटरने वायर तोडली, काळा डबा मुठीत घेतला आणि शर्टाच्या खिशात टाकला. बल्ब विझला.

"काय सापडलं?" बाबांनी व्हरांड्यातून विचारलं.

काकांनी चष्मा काढला. सोग्याने पुसायला लागले. "बाबूजी, जुन्या टेपरेकॉर्डरची एक वायर होती, तीच खाऊन राहिली होती. मले काय सापडते! तुमच्या पोरानं सांगितलं, तिथं हात घाला म्हणून."

बाबा उठले. व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आले. आणि म्हणाले, "शाबास."

माझ्याकडे तोंड करून. बावन्न वर्षांनी. जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी लाजेने मान खाली गेली. मी "हो बाबा" म्हणालो. काय करणार होतो?

फाटकापाशी काकांनी डबा माझ्या हातात दिला. चष्मा डोळ्यांवर होता. "इंजिनिअर, मी गाडीले बी पहिले विचारतो. ते त मुकी आहे. तुह्या बाबाले त तोंड आहे ना."

त्या दिवशी मी त्यांचा जितका राग केला तितका कधीच केला नव्हता. ओरडले असते, बाबांना सांगितलं असतं, तर हिशेब बरोबर झाला असता. आता मला मिळालेली एकुलती एक शाबासकीसुद्धा त्यांनीच दिलेली होती. मी ती चार महिने जपली. ऑफिसात, अंघोळीला, झोपताना. खोटी होती तरी सोडवत नव्हती.

पौषात काका गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. बाबा घाटावरून आले, अंघोळ केली आणि गाडीत जाऊन बसले, शेजारची सीट रिकामी ठेवून. त्यानंतर सहा-सात आठवडे गाडी निघालीच नाही. खांबावर काकांचा शेवटचा आकडा तसाच होता. बायकोने फाटक धुतलं तेव्हा खांबाकडची बाजू कोरडी सोडली.

मग एका गुरुवारी बाबा आत येऊन म्हणाले, "सेल्फ घेत नाही. पाह्य जरा."

मी बोनेटकडे निघालो आणि थांबलो. आतून स्टूल आणलं. गाडीशेजारी बसलो. "बाबा, शेवटची कधी काढली होती?"

"त्याच्यासंगं."

"दार नीट लागलं होतं?"

"लागलं होतं."

बॅटरी उभी राहून उतरली होती, दुसरं काही नाही. मी ती काढून घरात चार्जिंगला लावली, रात्रभर विसावू दिली आणि सकाळी साडेसहाला मीटर लावलं. बारा पॉइंट सहा. खडू शोधायला मुलाचं जुनं कपाट उपसावं लागलं. त्यांच्या आकड्याखाली माझा आकडा लिहिला. बाबा कप घेऊन आले, वाचला आणि आत गेले.

शनिवारी संध्याकाळी बाबांनी चावी घेतली. "चल."

मी शेजारच्या सीटवर बसलो. पुरानी बस्तीत ते देवळात जाऊन आले, मी गाडीपाशी थांबलो. मग गाडी लाइनच्या कडेला त्याच फाटकाजवळ जाऊन उभी राहिली. हा रस्ता मला पाठ होता आणि मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. दिवस मावळत होता. बाबांनी इंजिन बंद केलं. मला राहवेना.

"बाबा, ती वायर मी शोधली नव्हती. ती मीच लावली होती."

"माहीत आहे."

"काकांनी सांगितलं?"

"तो कायले सांगते? चष्मा काढला होता ना त्यानं."

म्हणजे ती खोड माझ्या एकट्याच्याच लक्षात आली होती असं नाही. "मग तुम्ही शाबास काहून म्हटलं?"

"त्याले म्हटलं," बाबा समोर पाहत म्हणाले. "माह्या पोराची इज्जत ठेवली त्यानं. तू मधात उभा होता."

तोंडात मारल्यासारखं झालं. चार महिने जे उशाशी घेऊन झोपलो तेसुद्धा त्यांचंच! मेल्यावरही या माणसाने माझ्या हातातलं काढून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं ते रागाने आलं की कशाने, मला सांगता येणार नाही.

"काय होतं ते?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही कुठे जाता ते मोबाईलवर दिसायचं."

"विचारलं असतं त सांगितलं असतं."

"विचारलं होतं. इकडे तिकडे म्हणाले तुम्ही."

बाबांनी आठवून पाहिलं. "म्हणालो असन," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आता विचार."

"इथे काहून येता तुम्ही?"

तेवढ्यात फाटक पडलं. दुरून रेल्वेचा आवाज आला. बाबांनी काच खाली केली. "डबे मोज. ज्या डब्यात अंधार दिसन, त्याचा नंबर सांगजो. तो सांगायचा, मी हव म्हणायचो. बस, एवढंच."

गाडी धडधडत समोरून गेली. उजळलेल्या खिडक्या, मध्येच एक काळा डबा. "दहावा!" मी ओरडलो.

"इंजिन धरून मोजलं काय?" बाबा म्हणाले. "इंजिन धरत नाहीत. तो नाही धरायचा."

पुन्हा तोच! तिथेही आधी तोच बसलेला. मी दात-ओठ खाल्ले. वीस मिनिटांनी दुसरी गाडी आली. मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो, इंजिन सोडलं आणि बोटावर मोजायला लागलो.

"सातवा," मी म्हणालो.

"हव," बाबा म्हणाले.